आवसेचं बटण

जुनी जीप आहे मी, मित्रांनो. खटारा म्हणा, डबडं म्हणा; मला राग येतो, पण म्हणा. ज्यांना मी हयातभर वाहिलं त्यांनीच ही नावं ठेवली, मग तुम्हालाच कशाला अडवू? माझी एकच अट आहे. गोष्ट अर्धी टाकून उठायचं नाही. शेवट चांगला नाही, हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे नंतर माझ्यावर रुसायला नको.

माझा जन्म नाशिकच्या बाजूला एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. ठोकाठोक, ठिणग्या आणि ओल्या रंगाचा वास, एवढंच. मला कळायला लागलं ते अकोल्यात. अकोले, राजूर, भंडारदरा या रस्त्यावर मी काळी-पिवळी झाले. काळी-पिवळी म्हणजे भाड्यानं माणसं नेणारी जीप. आत माणसं, मागच्या उघड्या फाळक्यावर पाय सोडून बसलेली माणसं, टपावर भाताची पोती आणि पोत्यांवर पुन्हा माणसं. अडलेल्या बायकांना मी दवाखान्यात पोचवलं. नवऱ्या सासरी नेल्या, आणि त्यांतल्या काही रडत रडत माहेरी परत आणल्या. पावसाळ्यात घाटात असं धुकं उतरायचं की पुढचं वळण दिसायचं नाही. तेव्हा लोक म्हणायचे, ‘बजरंगची गाडी हाय ना, मग बसा निवांत.’ हे ऐकलं की माझ्या इंजिनाला उगाच जोर यायचा. खोटं कशाला बोलू, मला कौतुक आवडतं.

बजरंग माझा ड्रायव्हर. मूळचा पाथर्डी तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावातला, पोटासाठी इकडं डोंगरात आलेला. तोंडाचा फटकळ, पण गिअर टाकताना हात असा हलका की मला कळायचंही नाही. पुढे माझं परमिट संपलं, चकचकीत नव्या गाड्या आल्या, आणि मालकानं मला भंगारात घालायचं ठरवलं. तेव्हा बजरंगनं मला मागून घेतलं आणि गावी घेऊन आला. ‘म्हातारपनी तुला मोडू देनार न्हाई,’ असं त्यानं मला बॉनेटवर हात ठेवून सांगितलं होतं.

मोडू दिलं नाही, हे खरं. पण घरामागच्या बाभळीखाली मला उभं केलं आणि विसरला. कोंबड्या माझ्या सीटखाली अंडी घालू लागल्या. पोरं यायची, स्टिअरिंग फिरवत तोंडानं भुर्रर्र करायची आणि कंटाळा आला की निघून जायची. टायर बसले. पावसाळ्यात काचेच्या कडेनं पाणी गळायचं, उन्हाळ्यात पत्रा नुसता तापायचा. मित्रांनो, कामानं मी कधी थकले नव्हते. त्या उभं राहण्यानं थकले.

मग एक दिवस पुष्पावतीबाई आल्या. गावच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. माहेर नेवाशाचं, बोलणं नेमकं, आणि चालणं असं की बरोबरच्याला पळावं लागे. त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि बजरंगला हाक मारली.

‘बजरंगभाऊ, ही चालू होईल का?’

‘न व्हायला काय झालं? पर न्यायची कुठं?’

‘उल्का बघायला.’

‘म्हंजी तारं तुटत्यात ते? त्यासाटी जीप कशाला बाई, अंगनात खाट टाका.’

बाई हसल्या आणि त्यांनी त्याला समजावून सांगितलं. मीही कान देऊन ऐकलं. डिसेंबरात एक रात्र अशी येते की मिथुन राशीच्या बाजूनं उल्कांची रांगच लागते. गेल्या साली बाई मुलींना घेऊन शाळेच्या गच्चीवर बसल्या होत्या. नेमके तेव्हाच ढग आले, आणि ढग गेले तेव्हा चौकातला नवा हायमास्टचा दिवा डोळ्यांत घुसत होता. ‘आभाळ काही आपल्यासाठी जागा बदलणार नाही,’ बाई म्हणाल्या. ‘आपणच बदलायची. जिथं ढग नाहीत आणि दिवे नाहीत तिथं गाडी न्यायची. ढग आले की पुढं सरकायचं. फिरती मोहीम म्हणा.’

‘मग अकोल्याच्या डोंगरात चला,’ बजरंग म्हणाला. ‘तिथली पठारं मला ठाव हायती. कोसभरावर कुनी बिडी वढली तरी दिसंल, असा काळोख.’

माझ्या डोंगराचं नाव ऐकलं आणि माझा गंजलेला जीव हलला.

पण मित्रांनो, या मोहिमेमागं आणखी एक गोष्ट होती, आणि खरी गोष्ट तीच. तिचं नाव आरती.

आरती दहावीत होती. आई राहीबाई आणि वडील गहिनीनाथ दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, ते उन्हं तापल्यावर परत यायचे. तोवर आरती गावातल्या हंगामी वसतिगृहात राहायची. तोडीला गेलेल्यांची मुलं शाळेतून सुटू नयेत म्हणून असं वसतिगृह चालवतात. पोर बोलायची कमी, बघायची फार. आणि तिला सोयरीक आली होती. मुलगा आईवडिलांच्याच तोडणी टोळीतला. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की लग्न उरकायचं, असं घरच्यांनी मनात धरलं होतं. दहावीची परीक्षा? झाली तर झाली. पंधरा वर्षांची पोर ती. मी लोखंडाची आहे, तरी मला त्याचा संताप यायचा.

बाईंना तक्रार करता आली असती, कायदा त्यांच्या बाजूनं होता. पण तक्रारीनं लग्न मोडलं असतं, आणि चिडलेल्या बापानं पोरीला शाळेतून काढून टोळीवर नेलं असतं. म्हणून त्यांनी दुसरी वाट काढली. माझ्या बॉनेटला टेकूनच त्या एकदा बजरंगला म्हणाल्या, ‘राहीबाईंची टोळी नेवाशाच्या पुढं उतरलीय, आपल्या वाटेवरच. त्यांना एका रात्रीपुरतं बरोबर घेऊ. आपली लेक काय करू शकते, हे त्या माउलीनं कधी बघितलंच नाही. एकदा बघू दे.’

‘आन् बघूनबी न्हाईच ऐकलं तर?’

‘तर मग तक्रार आहेच. पण आधी हे करू.’

तर अशी ती मोहीम होती. नाव उल्कांचं होतं, पण पणाला आरतीचं शिक्षण लागलं होतं. बजरंगला ते ठाऊक होतं, बाईंना ठाऊक होतं, आणि माझा अंदाज असा की आरतीलाही ठाऊक होतं. ती काही दूधखुळी नव्हती.

तयारी सुरू झाली. बजरंगनं कोंबड्या हुसकल्या. बॅटरी नवी आणली, डिझेलची टाकी धुतली, टायर कुठूनसे जुनेच पण बरे मिळवले. मागची बाकं काढून तिथं गाद्या घातल्या. छताचा मागचा पत्रा कापला आणि त्या जागी ताडपत्रीचं झाकण बसवलं. ताडपत्री गुंडाळली की गादीवर पडल्या पडल्या सगळं आभाळ दिसावं. पत्रा कापताना मला दुखलं. पण मग वरून ऊन आत आलं आणि बरं वाटलं. पुन्हा कामाला लागणाऱ्याला काय, सगळंच बरं वाटतं.

मुलींची तयारी माझ्यातच व्हायची. आरती आणि तिच्या वर्गातल्या आणखी तिघी. उल्का बघायला दुर्बीण लागत नाही, लागतात ते उघडे डोळे, आणि डोळ्यांना लागतो अंधार. अंधारात बराच वेळ बसलं की बारीक बारीक तारे दिसायला लागतात. मध्येच कुणी दिवा लावला, की ती सगळी मेहनत पाण्यात. म्हणून बाईंनी टॉर्चना लाल कागद लावून घेतला. चौघींनी गादीवर पडून एकेक दिशा वाटून घ्यायची. मग बजरंग माझ्या बॉनेटवर चढून बोरं फेकायचा, कधी सरळ, कधी तिरपी. कुठून निघालं, कुठं गेलं, मोठं की बारीक, हे मुलींनी ओरडून सांगायचं. बाकीच्या तिघी हसून लोळायच्या आणि बोरं खाऊन टाकायच्या. आरतीचं मात्र एक बोर चुकायचं नाही.

‘उत्तरेकडून, डोक्यावरनं, बारीक. किडकं हुतं,’ ती म्हणायची.

‘किडकं बी दिसलं व्हय तुला?’ म्हणत बजरंग खाली उतरून बोर शोधायचा. किडकंच निघायचं. ‘हिच्या डोळ्यात काय घातलंय, बाई?’

‘काही नाही. ती बघते, इतकंच,’ बाई म्हणायच्या, आणि त्यांच्या आवाजात तेव्हा मोठी आशा असायची.

सरावाची एक संध्याकाळ मात्र बिघडली. गावाबाहेरच्या माळावर अंधार पडला होता, मुलींचे डोळे चांगले सरावले होते, आणि बजरंग काहीतरी घ्यायला पुढं गेला. त्यानं दार उघडलं तसा आतला दिवा लागला. चढताना त्याचा पाय ब्रेकवर पडला आणि माझे मागचे लाल दिवे भगभगले. मुली किंचाळल्या. बाई वैतागून म्हणाल्या, ‘बजरंगभाऊ, तिथं डोंगरात असं झालं तर सगळी रात्र गेली म्हणून समजा.’

बजरंगला ते लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं माझ्या स्टिअरिंगखाली एक बटण बसवलं. साधं काळं बटण, घरातल्या दिव्याचं असतं तसलं. ते खाली केलं की माझ्या आतले दिवे, मागचे दिवे, ब्रेकचे दिवे, सगळं मुकं व्हायचं. पुढच्या हेडलाइटची वायर वेगळी होती, ती त्यानं तशीच ठेवली. मग दार उघडा, ब्रेक दाबा, काहीही करा, माझ्या अंगावर एक ठिणगी दिसायची नाही.

‘ह्ये आवसंचं बटन,’ तो मिशीत हसत म्हणाला. ‘खाली केलं की आवस, वर केलं की पुनव.’

बाईंनी शाबासकी दिली. मुलींनी टाळ्या पिटल्या. मलाही अभिमान वाटला. एवढ्या वर्षांत माझ्यातून लोकांनी काढूनच नेलं होतं. नवीन असं कुणी काही बसवलं नव्हतं.

निघायचा दिवस आला. बाईंनी पाणी, भाकरी, ठेचा, घोंगड्या, कानटोप्या, औषधं, सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. बजरंगनं ऑइल बघितलं, हवा बघितली. मग पूजा झाली. आपल्याकडं गाडीची पूजा कशी करतात, बघितली असेल तुम्ही. बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, आरशाला हार, बंपरला लिंबू-मिरची, पुढच्या चाकासमोर नारळ. सगळं पुढून. मागच्या बाजूला कुणी एक फूलसुद्धा ठेवत नाही. त्या दिवशीही बजरंगनं पुढून हात जोडले, बाईंनी पुढून हात जोडले, मुलींनीही जोडले, आणि आम्ही निघालो.

गावावर तेव्हा ढग होते. नेवासा ओलांडलं तसं आभाळ निवळत गेलं. बाई सारख्या काचेतून वर बघत होत्या आणि दर वेळी त्यांचा चेहरा थोडा उजळत होता. चंद्राचीही त्या रात्री अडचण नव्हती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, उसाच्या मोळ्यांनी लादलेल्या बैलगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि त्या ट्रॅक्टरांवर मोठ्यांदा लावलेली गाणी. दिवस मावळता मावळता आम्ही टोळीच्या मुक्कामावर पोचलो. पाचटाच्या आणि बांबूच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, ओळीनं उभ्या होत्या. चुलींचा धूर खाली उतरला होता.

राहीबाई नुकतीच उसाच्या फडातून आली होती. डोक्याला फडकं, हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. आरती माझ्यातून उडी मारून उतरली आणि आईसमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, गळ्यात पडतील. तसं काही झालं नाही. 

‘वाळलीस गं,’ आई म्हणाली.

‘तूबी,’ आरती म्हणाली.

कल्याण मुकादम म्हणजे टोळीचा प्रमुख. बाईंनी त्याला आधी फोन केला होता. तो म्हणाला, ‘न्या, पर सकाळी फडात पायजेल.’ बाईंनी शब्द दिला. गहिनीनाथ मात्र बैलांना वैरण टाकता टाकता घुश्शातच बोलला.

‘तारं बघून प्वाट भरतं का, बाई?’

‘नाही भरत, गहिनीनाथभाऊ. तरी एक रात्र द्या.’

‘न्या मग. मी न्हाई म्हनून काय व्हनारंय?’ तो म्हणाला. पण राहीबाई चढायला निघाली तेव्हा त्यानं स्वतःची शाल तिच्या अंगावर टाकली. माणूस वाईट नव्हता तो.

तोवर कोप्यांतली पोरं माझ्याभोवती जमली होती. अंधारून आलं होतं. आरतीचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा खुलला आणि ती म्हणाली, ‘मामा, आईला आवस दाखवा की.’

बजरंगला काय, तेच पाहिजे होतं. त्यानं हेडलाइट बंद केले आणि ब्रेकवर पाय दाबून धरला. माझ्या मागच्या लाल उजेडात राहीबाई आणि पोरं उभी होती. ‘बगा हं,’ म्हणून त्यानं बटण खाली केलं. सगळं गप्पकन काळं झालं. पोरांनी एकच गिल्ला केला. राहीबाई तोंडाला पदर लावून हसली. मी तिला हसताना बघितलं ते तेवढंच.

मग घाई झाली. लांबचा पल्ला होता, बाई घड्याळ बघत होत्या. मुली गादीवर चढल्या. राहीबाई गादीवर बसेना.

‘माज्या अंगाला पाचाट हाय, बाई. तुमच्या गाद्या खराब व्हत्याल.’

‘होऊ द्या खराब. आत बसा.’

‘न्हाई, मला हितं बरं वाटतं. ट्रॉलीच्या मागं बसायची सवय हाय आमाला,’ असं म्हणून ती माझ्या उघड्या फाळक्यावर पाय बाहेर सोडून बसली. बाईंनी दोनदा सांगितलं, तिनं दोनदा मान हलवली. आरती तिला खेटून, तिच्या पाठीमागं आत बसली आणि तिनं आईच्या काखेतून हात घातला. बजरंगनं हेडलाइट लावले. समोरचा रस्ता लख्ख उजळला. पुढं उजेड दिसला की माणसाला वाटतं, सगळीकडं उजेडच आहे.

बटण खालीच राहिलं होतं.

मला कळत होतं, मित्रांनो. माझ्या पाठीवर ठार अंधार होता आणि त्या अंधारात एक बाई पाय सोडून बसली होती. मी घरघरले, खोकले, हिसके दिले. बजरंग हसून म्हणाला, ‘थंडीनं कुरकुर करती म्हातारी.’ जिला तोंड नाही तिनं कुरकुरण्यापलीकडं काय करावं, तुम्हीच सांगा.

मागं मायलेकी बोलत होत्या.

‘त्यो मोठा चमकतोय ना, त्यो तारा न्हाई,’ आरती सांगत होती. ‘त्यो गुरू. ग्रह हाय. आन् रात्री उल्का निघतील त्या तिकडनं, पूर्वेकडनं. मी डोक्यावरची बाजू बघनार. ती सगळ्यात अवघड असती, म्हनून बाईंनी मला दिली.’

‘ह्ये समदं कुनी शिकवलं तुला?’

‘बाईंनी. थोडं माजं मीच.’

राहीबाई बराच वेळ वर बघत राहिली. तिची मान दुखली असेल, दिवसभर मोळ्या उचललेल्या. मग ती म्हणाली, ‘येवडं ध्यानात ऱ्हातंय तर पुस्तकातलंबी ऱ्हात आसंल.’

‘ऱ्हातंय.’

‘त्या पावन्यांना सांगते मी, औंदा न्हाई. धावी व्हऊ दे तुजी. फुडचंबी बघू. बापाचं माज्यावर सोड.’

 आरतीनं आईच्या पाठीवर कपाळ टेकलं. पुढच्या सीटवर बाईंनी ते ऐकलं होतं. त्यांनी मागं वळून बघितलं नाही, नुसता पदर डोळ्यांना लावला. आणि मी? माझ्या सगळ्या नटबोल्टांतून आनंद पळत होता. मोहीम तिथंच फत्ते झाली होती. त्यानंतर एक उल्का दिसली नसती तरी चाललं असतं.

तेवढ्यात डाव्या हाताच्या फडातून एक लादलेली बैलगाडी रस्त्यावर चढली. बजरंगनं करकचून ब्रेक दाबला. बैलांपासून हातभर अंतरावर मी थांबले. त्यानं शिवी हासडली, बाई ‘अगं बाई’ म्हणाल्या. आमच्या मागून ट्रॅक्टर येत होता, दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन. त्याला माझा दिवा दिसला नाही, ब्रेक दिसला नाही, काहीच दिसलं नाही. ट्रॅक्टरचा स्वतःचाही एकच दिवा जळत होता, तोही मिणमिणता.

आरतीनं तो बघितला. ती बघणारीच पोर होती. तिनं आईला काखेत धरून आत ओढलं, सगळ्या ताकदीनं. आई आत आली. पाय आत आले नाहीत.

पुढचं मी तुम्हाला फार सांगणार नाही. मुलींना खरचटलं, बाईंचं कपाळ फुटलं. माझी मागची बाजू चेंदली. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला बसून, ‘मला दिसलीच न्हाई हो, गाडीला दिवाच नव्हता,’ असं पुन्हा पुन्हा म्हणत रडत होता. तो खरं बोलत होता. राहीबाईला दुसऱ्या गाडीत घालून नगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. ती जगली. एक पाय वाचला, एक गुडघ्याखाली कापावा लागला.

मला साखळीनं ओढत आणून त्याच रस्त्यावरच्या पोलीस ठाण्याच्या आवारात उभं केलं. उल्का त्या रात्री पडल्याच असतील. मला दिसल्या नाहीत. आवारातला मोठा दिवा नेमका माझ्या कापलेल्या छतावर होता.

बजरंगनं पोलिसांना आपणहून बटणाचं सांगितलं. न सांगता कुणाला कळलंही नसतं, इतकी माझी मागची वायरिंग तुटून गेली होती. त्याच्यावर खटला आहे. तारीख असली की तो येतो, माझ्या पुढच्या बंपरवर बसतो आणि बोलतो. आता फटकळपणा राहिला नाही. त्याच्याकडूनच मला बाकीचं कळलं.

ऊसतोडीच्या टोळीत माणसं मोजत नाहीत, मित्रांनो, कोयते मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. जोडीतलं एक माणूस गेलं की उरतो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी ठेवत नाही. राहीबाई खाटेवर पडली आणि गहिनीनाथ अर्धा झाला. मग आरती उभी राहिली.

बाई तिला परत आणायला कोपीवर गेल्या होत्या. बजरंगही बरोबर होता. गहिनीनाथ हात जोडून म्हणाला, ‘बाई, मी तिला बांधून ठिवली न्हाई. लगीन मोडलंय, तिच्या आईनं सबूद दिल्ता म्हनून. पर ही हितनं हलत न्हाई. आईच्या जागी मी, म्हनती.’

बाईंनी आरतीला हाताला धरून बाजूला घेतलं. ‘परीक्षा जवळ आलीय,’ त्या म्हणाल्या. ‘मी मुकादमाशी बोलते. काहीतरी मार्ग काढू. तू चल.’

‘बाई, आवस दाखवा म्हनून मीच म्हनले हुते मामाला,’ आरती म्हणाली. ‘माज्यामुळं झालंय.’

बाईंनी तिला खूप समजावलं, म्हणे. जवळ घेतलं, रागावल्या, शेवटी स्वतःच रडल्या. पोर हलली नाही. हे सांगताना बजरंगनं माझ्या बॉनेटवर डोकं ठेवलं होतं. मला तोंड असतं तर मी कोपीपर्यंत ओरडले असते: पोरी, आईला गंमत दाखवावीशी वाटणं हा गुन्हा नसतो. ते बटण पुन्हा वर करणं हे मोठ्यांचं काम होतं. पण हे तिला पटेल असं कुणी सांगू शकलं नाही, ना बाई, ना बजरंग.

मार्च आला. एका सकाळी ठाण्यातले बरेचसे पोलीस बंदोबस्ताला निघाले. दहावीचा पहिला पेपर होता. रस्त्यानं गणवेशातल्या मुली हातात पॅड घेऊन चालल्या होत्या, कुणाच्या कपाळाला अंगारा, कुणाची आई बरोबर. त्याच दिवशी संध्याकाळी गहिनीनाथची बैलगाडी ऊस घेऊन कारखान्याकडं गेली. तो पुढं बैलांजवळ होता. आरती मागं बसली होती. तिच्या हातांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. तिनं आवाराकडं बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून मी तिला बहुतेक रोज बघते.

माझ्यासाठी मी काही मागत नाही, मित्रांनो. मला धुऊ नका, रंगवू नका. माझं आता भंगार होईल आणि ते ठीकच आहे. गाडी कुणाचीही असो, निघण्याआधी एकानं उतरून मागं जावं आणि दिवे लागतात का ते डोळ्यांनी बघावं, एवढं करा. पूजा खुशाल पुढून करा, पण मागं जाऊन या. आणि हंगामात कधी संध्याकाळच्या वेळी नेवाशाच्या पुढं या रस्त्यानं आलात, तर हळू चालवा. तुमच्या पुढं एक बैलगाडी असेल. तिला मागं दिवा नाही. मोळ्यांना टेकून आरती बसलेली असते, आणि दिवसभराच्या कामानं तिचा डोळा लागलेला असतो.